‘चवथीची तयारी’ अशी लिहिलेली टास्क कधीच का संपत नाही

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर वहिनीने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “भावोजी, हे जरा बघा ना. हे ॲप ठेवू की काढून टाकू?” वहिनी गोव्यात साखळी गावात हायस्कूलात शिकवते. जूनमध्ये तिने मोठ्या उत्साहाने टू-डू ॲप घेतलं होतं आणि आता त्यात ६३ कामं होती, त्यातली ४१ लाल. लाल म्हणजे तारीख उलटून गेलेली. मी खाली सरकवत गेलो. ‘पेपर’. ‘आईचं बघणे’. ‘छपराचं काम’. ‘बँक’. आणि सगळ्यात वर, एक नंबरची प्रायॉरिटी लावून, ‘चवथीची तयारी’.

यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, लांबलीय, १४ सप्टेंबरला आहे, पण गोव्यात ज्याच्या घरी गणपती बसतो त्याला विचारा, हे दिवस कसे जातात ते. मूळ घर उघडायचं, साफ करायचं, मुंबई-पुण्याची माणसं येणार, त्यांची झोपायची सोय, माटोळी (गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगायची लाकडी चौकट), भटजी, नेवऱ्या (करंज्या). हे सगळं त्या एका ओळीत कोंबलेलं होतं आणि ती ओळ दोन महिने तशीच पडून होती.

वहिनीला वाटत होतं की आपल्यातच शिस्त नाही. मला ते अजिबात पटलं नाही, पहाटे पाचला उठून घरचं करून पावणेआठला शाळेत हजर असणारी बाई बेशिस्त कशी असेल? गडबड लिस्ट लिहिण्याच्या पद्धतीत होती, आणि ही पद्धत कोणी कोणाला शिकवतच नाही. ॲप उघडलं की रिकामी चौकट समोर येते आणि आपण मनात येईल ते त्यात टाकत जातो. आम्ही त्या दुपारी दोन-अडीच तास बसून तिची लिस्ट नव्याने मांडली, ते करताना जे जे बोलणं झालं तेच इथे लिहितोय, कारण माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये अशीच एक लाल झालेली लिस्ट आहे.

डोकं म्हणजे ओटा, फडताळ नव्हे

आधी मुळात लिस्ट लागतेच का, ते बघू. स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यासमोर आणा. त्यावर एका वेळी चार-पाच भांडी मावतात. बाकी सगळं फडताळात असतं, डबे बंद करून. आपण कधी वर्षभराचं सामान ओट्यावर मांडून स्वयंपाकाला लागत नाही. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तेव्हा मिरची, सोलं, सुकी मासळी, सगळं बरण्या-डब्यांत जातं, तरच ओटा मोकळा राहतो.

डोक्याचंही तसंच आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं होतं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरू शकतो, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा आणखी खाली आणला, चारच्या आसपास. म्हणजे आठवून-आठवून काम करणारा माणूस हुशार असला तरी त्याचा ओटा चार भांड्यांचाच असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अर्धवट राहिलेलं काम आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, रात्री दिवा मालवल्यावर नेमकं आठवतं की अरे, भटजींना फोन राहिला. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमध्ये यावर प्रयोग केले आणि १९२७ मध्ये छापले, त्यांचं म्हणणं होतं की अपुरी कामं पुऱ्या कामांपेक्षा जास्त आठवतात. नंतरच्या काही प्रयोगांत ते तसंच दिसलं नाही, त्यामुळे त्यावर मी फार भर देणार नाही. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या दोघा संशोधकांनी जे दाखवलं ते मला फार मोलाचं वाटतं. लोकांच्या मनात एक अपुरं काम ठेवून त्यांना दुसरं काहीतरी करायला दिलं की ते अपुरं काम मध्ये मध्ये लुडबुड करायचं. पण त्याच लोकांना ‘हे काम तुम्ही कधी, कसं करणार’ याचा नेमका बेत आधी करायला लावला, की लुडबुड थांबायची. काम झालेलं नसतानाही!

यात ‘नेमका’ हा शब्द धरून ठेवा. ‘चवथीची तयारी’ असं लिहिल्याने डोकं शांत होत नाही कारण त्यात बेतच नाही. डोक्याला माहीत असतं की हे नुसतं नाव लिहिलंय, बाकी सगळं अजून माझ्याच अंगावर आहे.

टास्क वेगळी, प्रोजेक्ट वेगळा

पूर्ण विषयाचं मर्म इथेच आहे म्हणून इथे जरा थांबतो. टास्क म्हणजे एका बैठकीत किंवा एका फेरीत उरकणारं एक काम. प्रोजेक्ट म्हणजे असं काहीही ज्याला एकापेक्षा जास्त टास्क लागतात. मोठ्या कंपन्यांचेच प्रोजेक्ट असतात असं काही नाही, पोराचं आधार कार्ड अपडेट करणं हासुद्धा प्रोजेक्टच: कागद शोधा, वेळ घ्या, पोराला शाळेतून लवकर काढा, जा.

ओळखायची कशी? मी वहिनीला एकच प्रश्न विचारत होतो, “ही ओळ वाचून तू आत्ता उठलीस तर नक्की कुठे जाशील, हातात काय घेशील?” उत्तर लगेच आलं तर ती टास्क. “अं… म्हणजे आधी…” असं सुरू झालं की तो प्रोजेक्ट, त्याला फोडायला हवा.

‘छपराचं काम’ घेतलं. मी विचारलं, आत्ता उठलीस तर काय करशील? म्हणाली, “आत्ता कसली उठते, आधी कळायला हवं ना कुठनं गळतंय.” कसं कळणार? “वर चढून कौलं बघायला हवीत.” कोण चढणार? “तो मागच्या वर्षी आलेला माणूस.” त्याचा नंबर आहे? “नंबर आईंकडे आहे.” बघा, दोन महिने प्रायॉरिटी लावून पडलेल्या कामाची खरी पहिली पायरी होती ‘आईंकडून कौलंवाल्याचा नंबर घेणे’. आई तेव्हा पडवीत बसलेल्या. अर्ध्या मिनिटाचं काम! वहिनी उठली, नंबर घेतला, तिथूनच फोन लावला, आणि तो मंगळवारी येतो म्हणाला.

अडलेलं काम बहुतेक वेळा असंच अडलेलं असतं. काम अवघड असतं असं नाही, ओळ चुकीची लिहिलेली असते. म्हणून टास्क लिहिताना क्रियापद हवंच. ‘बँक’ असं लिहू नका, ‘बँकेत जाऊन पासबुक भरून घेणे’ लिहा. ‘भटजी’ लिहू नका, ‘भटजींना फोन करून पूजेची वेळ ठरवणे’ लिहा. दोन सेकंद जास्त जातात, पण आठ दिवसांनी दमलेल्या डोक्याने ती ओळ वाचाल तेव्हा पुन्हा विचार करावा लागत नाही.

चवथ फोडून बघू

मग आम्ही ॲपमध्ये ‘चवथ’ नावाचा प्रोजेक्ट उघडला. काही ॲपमध्ये याला लिस्ट म्हणतात, काहींत प्रोजेक्ट, गोष्ट एकच. त्यात वहिनीने डोक्यातलं सगळं ओतलं, मी टाइप करत गेलो, क्रम वगैरे काही बघितला नाही. हे ओतणं आधी पूर्ण होऊ द्यायचं, मध्येच निवडत बसलं की अर्धं आठवायचं राहून जातं.

पाट चित्रशाळेत नेऊन देणे आणि मूर्तीची उंची सांगणे. माटोळीची चौकट माळ्यावरून काढून वाळवी लागलीय का बघणे. आरतीला वाजवायच्या घुमटाचं चामडं तपासणे. गणपतीच्या खोलीला रंग. लायटिंगची माळ लावून बघणे. समया घासणे. गाद्या-चादरी उन्हात घालणे, ऊन पडलं तर. नेवऱ्यांचं सामान. आणि माटोळीचं सामान, ते तर एक वेगळंच प्रकरण: नारळ, सुपारीचा घड, केळीचा घड, काकडी, तोरिंजन, कवंडळं, घागऱ्या, कांगलां, यातलं काय आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, मिळेल, काय बाजारातून आणायचं, काय गावातला माणूस रानातून आणून देईल.

४० च्या वर ओळी झाल्या. वहिनी घाबरली. पण मग आम्ही ‘आधी काय, नंतर काय’ बघायला लागलो आणि चित्र बदललं. रंग लावायचा तर भिंत सुकी हवी. भिंत सुकायची तर गळती थांबायला हवी. गळती थांबायची तर कौलंवाला यायला हवा. लायटिंग रंगानंतर, माटोळी बांधणं त्याच्याही नंतर. म्हणजे ४० ओळींपैकी आज हात लावता येईल अशा सहा-सातच होत्या! बाकीच्यांकडे आज बघायचीसुद्धा गरज नव्हती. पावसात दरड कोसळून घाटात रस्ता अडतो तेव्हा शंभर गाड्या उभ्या दिसतात, पण मोकळी करायची असते एकच जागा, तसं हे.

ॲपमध्ये हे कसं करायचं? प्रोजेक्टमध्ये सेक्शन करा, ‘घर’, ‘मूर्ती आणि पूजा’, ‘माटोळी’, ‘खाणं’, ‘पाहुणे’. सेक्शन म्हणजे फडताळाचे कप्पे. प्रत्येक कप्प्यातली जी पहिली करता येण्यासारखी टास्क असेल ती वर ओढून ठेवा. ती झाली की पुढची आपोआप वर येते. ‘माटोळीचं सामान’ या टास्कच्या पोटात सगळी फळं सब-टास्क म्हणून टाका, म्हणजे बाजारात उभं राहून एकेक टिक करता येतं. याहून जास्त खोल जाऊ नका, सब-टास्कची सब-टास्क केली की कुठे काय ठेवलं ते सापडत नाही.

तारीख खरी असेल तरच घाला

आता त्या ४१ लाल ओळींकडे येतो. मी एकेक विचारत गेलो, ही ‘कपाट आवरणे’ची ५ जुलै तारीख कुठून आली? म्हणाली, “असंच, मला वाटलं तोपर्यंत करावं.” ४१ पैकी खऱ्या, म्हणजे चुकल्या तर काही नुकसान होईल अशा तारखा, सात होत्या.

ही चूक फार लोक करतात आणि तिचा परिणाम वाईट होतो. खोट्या तारखा लाल होतात, त्या आपण दुर्लक्षित करतो, मग लाल रंगाकडे बघायचीच सवय जाते, आणि विम्याच्या हप्त्याची खरी तारीखसुद्धा त्याच लाल गर्दीत बुडते. गल्लीतला कुत्रा रोज रात्री उगाच भुंकत असला की चोर आला तरी कोणी उठत नाही. म्हणून ड्यू डेट, म्हणजे काम संपवायची शेवटची तारीख, फक्त तिथेच घाला जिथे बाहेरच्या कोणी ती ठरवलीय: बिल, फॉर्म, परीक्षा, चवथ. बाकीच्यांना तारीख नको. ती आठवड्याच्या बैठकीत आपसूक समोर येतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

आणि जिथे खरी तारीख आहे तिथे शेवटच्या तारखेपेक्षा सुरुवातीची तारीख कामाची असते. नेवऱ्या १३ सप्टेंबरला तयार हव्यात हे सगळ्यांनाच माहीत असतं. सारणाचं सामान कधी आणायचं ते लिहिलेलं नसतं, तिथे फसतो. आपला अंदाज नेहमी कमीच असतो. डॅनियल कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या सवयीला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं, म्हणजे बेत आखतानाची भाबडी चूक. १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. हुशार, शिकलेली मुलं ती! तेव्हा रंगाऱ्याने चार दिवस सांगितले तर लिस्टमध्ये सात धरा, पावसाचे दिवस आहेत.

अजून एक गोष्ट, आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवायची. ॲपमध्ये रिपीट टास्क असते, म्हणजे दर महिन्याला, दर वर्षाला आपोआप परत येणारी. वीजबिलाला ती उत्तम. पण चवथीला ‘दर वर्षी’ लावू नका. २०२४ मध्ये चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, यंदा १४ सप्टेंबरला. ॲप इंग्रजी तारखेने चालतं, तिथीने नाही. शिगमो, जत्रा, घरातलं श्राद्ध, सगळ्याचं तेच. मी जानेवारीत नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं की एक टास्क ठेवतो, ‘वर्षभराच्या तिथी ॲपमध्ये टाकणे’. वीस मिनिटांत होतं.

रिपीटमध्ये दोन जाती असतात तेही सांगून ठेवतो. एक ठरलेल्या तारखेला येणारी, दुसरी काम केल्या दिवसापासून मोजली जाणारी. पाण्याची टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची असेल आणि यंदा पंधरा दिवस उशिरा धुतली, तर पुढचे तीन महिने त्या उशिरापासून मोजायला हवेत. टुडूइस्टसारख्या ॲपमध्ये हे दोन्ही प्रकार निवडता येतात.

इनबॉक्स आणि ‘आज’

इनबॉक्स म्हणजे घराच्या दारातली ती फळी जिथे येणारा माणूस चावी, छत्री, पत्र, सगळं टाकतो. कदंब बसमध्ये बसलेलं असताना काही आठवलं तर सरळ इनबॉक्समध्ये टाका, तिथे कप्पा शोधत बसू नका. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी फळी रिकामी करा, प्रत्येक गोष्ट आपल्या कप्प्यात. फळीवरच सगळं साठलं की ती फळी राहत नाही, अडगळ होते, आणि वहिनीच्या ६३ ओळी म्हणजे न आवरलेला इनबॉक्सच होता.

‘आज’ची लिस्ट वेगळी. ती दर सकाळी हाताने निवडायची, पाच ओळींच्या वर नाही. मायक्रोसॉफ्टच्या टू-डूमध्ये ‘माय डे’ नावाचं पान असतं, ते रोज रात्री कोरं होतं, राहिलेली कामं आपापल्या लिस्टमध्ये सुरक्षित असतात पण आजच्या पानावर कालचं ओझं राहत नाही. मला ही पद्धत फार आवडते. ज्यांच्या ॲपमध्ये नाही त्यांनी ‘आज’ असं लेबल करून तेच करावं.

लेबल म्हणजे टास्कला लावायची चिठ्ठी, आणि ती जागेची असली तर सगळ्यात उपयोगी. वहिनीला आम्ही तीनच लावली: ‘फोन’, ‘म्हापसा’, ‘पणजी’. ११ सप्टेंबरला शुक्रवार आहे, म्हापशाचा बाजार. त्या दिवशी ‘म्हापसा’ दाबलं की चवथीचं, शाळेचं, आईंच्या औषधाचं, जे जे म्हापशात करायचंय ते सगळं एका पानावर येतं. घरी परत आल्यावर “अगो, ते राहिलंच” असं होत नाही. वीस रंगांची लेबलं करणारे लोक मी बघितलेत, महिन्याभरात सोडून देतात.

दुसऱ्याकडे अडकलेली कामं

काही कामं आपल्या हातात नसतात तरी डोक्यात असतात. घराच्या दुरुस्तीच्या परवानगीसाठी मी एका ऑफिसात अर्ज दिला होता, साहेब सुट्टीवर, फाइल दुसऱ्या टेबलावर, असं करत करत चार महिने गेले. त्यात मला सांभाळलं ते एका लिस्टने, तिचं नाव ‘वाट बघतोय’. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: कोणाकडून, काय, कधीपासून. खाली नोटमध्ये अर्जाचा इनवर्ड नंबर, आणि प्रत्येक फेरीला कोण काय म्हणालं ते तारखेसकट. चौथ्या फेरीला मी खिडकीवर उभा राहून तारखा वाचून दाखवल्या, आवाज न चढवता, आणि त्या माणसाने उठून फाइल शोधली. नुसतं “मी खूप दिवस फिरतोय” म्हटलं असतं तर उद्या या म्हणाला असता.

कौलंवाला, इलेक्ट्रिशियन, उसने दिलेले पैसे, मैत्रिणीने नेलेली काथवट, सगळं या लिस्टमध्ये. आठवड्यातून एकदा वाचायची आणि गरज असेल तिथे फोन लावायचा.

“एवढं लिहीत बसण्यातच वेळ जातो की!”

हा आक्षेप खरा आहे. दोन मिनिटांत होणारं काम लिहूच नका, उठून करून टाका. आणि ॲप सजवण्यात, रंग-चित्रं लावण्यात तास घालवू नका, ते काम केल्यासारखं वाटतं पण काम नसतं. मात्र चवथीसारख्या प्रोजेक्टला सुरुवातीचे दोन तास द्यायलाच हवेत. आम्ही त्या रविवारी दिले आणि त्यातले निम्मे बोलण्यात गेले, पण त्या बोलण्यातच कळलं की मागच्या वर्षी कापूर तिघांनी आणला होता आणि जानवं कोणीच नाही, भटजी पाटावर बसलेले असताना भावाला पावसात स्कूटर काढून डिचोलीला पळावं लागलं. वहिनीला ते सांगताना आत्ताही वाईट वाटत होतं.

“वही आहे ना, मग ॲप कशाला?”

वही असेल तर वही चालू ठेवा, मी कोणाला सोडायला सांगणार नाही. लेखात सांगितलेल्या निम्म्याहून जास्त गोष्टी, म्हणजे क्रियापद लावणं, प्रोजेक्ट फोडणं, खोट्या तारखा न घालणं, वहीतही तशाच चालतात. ॲप तीन ठिकाणी जास्त देतं: वेळेवर आठवण, शोध, आणि सगळ्यात मोठं म्हणजे एकच लिस्ट अनेकांच्या फोनवर. जानव्याचा घोळ वहीने सुटला नसता कारण वही एकीच्या पर्समध्ये असते. शेअर केलेल्या लिस्टमध्ये भावाने म्हापशात कापूर टिक केला की घरी वहिनीला तेव्हाच दिसतं.

“आमच्या घरातली माणसं ॲप बघणार नाहीत”

नाही बघणार, कबूल. आमच्या आई स्मार्टफोनवर फक्त भजनं ऐकतात आणि व्हिडिओ कॉल घेतात. पण सगळ्यांनी ॲप वापरायची गरजच नाही. घरातल्या एक-दोघांनी लिस्ट सांभाळावी, बाकीच्यांपर्यंत त्यांचं-त्यांचं काम त्यांच्या रस्त्याने पोचवावं. मुंबईच्या काकांना व्हॉट्सॲपवर एक ओळ, आईंना तोंडी, गड्याला कागदावर. आम्ही प्रत्येक टास्कपुढे एकच नाव घालायचं ठरवलं. दोन नावं घातली की दोघांनाही वाटतं दुसरा करेल, आणि ‘सगळे मिळून’ लिहिलं की ते शेवटी घरातल्या बाईवरच येतं. नावं घालून झाल्यावर भावाने लिस्ट बघितली, ४४ पैकी ३१ ओळींपुढे वहिनीचं नाव होतं. तो काही बोलला नाही, फोन हातात घेतला आणि बारा ओळींवर स्वतःचं नाव टाकलं, त्यात भांडी आणि पाहुण्यांच्या गाद्याही होत्या. लिस्टशिवाय हे वजन कधी दिसलंच नसतं.

“ॲप बंद पडलं तर?”

पडतात. वंडरलिस्ट नावाचं बर्लिनमधलं ॲप लाखो लोक वापरायचे, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. लोकांना याद्या नव्या ॲपमध्ये नेता आल्या, पण सवय मोडलीच. म्हणून ॲप निवडताना डेटा बाहेर काढता येतो का तेवढं बघा, आणि पासवर्ड, बँकेचे नंबर, ओटीपी असलं काही टास्कमध्ये लिहू नका. कुठलं ॲप हा प्रश्न लोक पहिला विचारतात, मी शेवटी घेतोय, कारण गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू-डू, ॲपलचं रिमाइंडर्स, टुडूइस्ट, यातलं जे तुमच्या फोनवर आधीच आहे ते साध्या घरासाठी पुरतं. फक्त लिस्ट दुसऱ्याबरोबर शेअर करायची असेल तर ती सोय आधी तपासून घ्या.

रविवारची अर्ध्या तासाची बैठक

लिस्ट मरते ती इथे. पहिले दहा दिवस सगळे टिक करतात, मग एक आठवडा घरात कोणी आजारी पडतं, लिस्ट बघणं राहतं, पंधरा दिवसांनी उघडल्यावर त्यातलं निम्मं शिळं झालेलं असतं, आणि शिळ्या लिस्टवर विश्वास बसत नाही. विश्वास गेला की आपण परत डोक्यात साठवायला लागतो.

म्हणून आठवड्यातून एकदा, वार ठरवून, अर्धा तास. इनबॉक्स रिकामा करायचा. प्रत्येक प्रोजेक्ट उघडून बघायचं की त्यात आज करता येईल अशी एक तरी टास्क आहे का, नसेल तर तो अडलाय, पुढची पायरी लिहायची. ‘वाट बघतोय’ वाचायची. आणि पुसायचं! तीन आठवडे जी ओळ नुसती पुढे ढकलली जातेय ती करायचीच आहे का, स्वतःला विचारायचं. वहिनीच्या यादीत ‘इंग्रजी बोलण्याचा कोर्स’ होता, तिने स्वतःच ‘कधीतरी’ नावाच्या लिस्टमध्ये हलवला, म्हणाली चवथ झाल्याशिवाय त्याचं नाव नको. मला ते फार बरं वाटलं, ‘आत्ता नाही’ हेही नीट ठरवलेलं उत्तरच आहे.

६३ ची लिस्ट शेवटी अशी झाली: सहा प्रोजेक्ट, ‘आज’मध्ये चार ओळी, सात खऱ्या तारखा, बाकी कप्प्यांत. कौलंवाला मंगळवारऐवजी गुरुवारी आला, पाऊस थांबला होता, सात कौलं बदलली. भिंत सुकतेय, रंगाऱ्याची टास्क पुढच्या सोमवारवर नेलीय.

विसर्जन झाल्यावर हा प्रोजेक्ट पुसायचा नाही असं आम्ही ठरवलंय. त्याची कॉपी करून ‘चवथ २०२७’ असं नाव द्यायचं, सगळे टिक काढायचे, आणि आठवणी ताज्या आहेत तोवर नोटमध्ये लिहायचं, नारळ किती उरले, कोणाकडच्या गाद्या आणल्या होत्या, कवंडळं बाजारात कुठल्या दिवशी संपली. वहिनीने पहिली नोट आत्ताच टाकून ठेवलीय: ‘जानवी दोन आणणे. एक देवघराच्या खणात ठेवणे.’